नागपूरकरांनी दिवाळीच्या सुट्टीत समुद्र कुठला गाठावा: पुरी की गणपतीपुळे?

धंतोलीकर: माझं मत सरळ पुरीला. नागपूरहून थेट गाड्या आहेत, एक रात्र गाडीत गेली की समुद्र. गणपतीपुळ्यासाठी समृद्धीवर ७०१ किमी, मग ती संपते त्या भिवंडीजवळच्या आमण्यापासून आणखी तीनशेहून जास्त. म्हातारी माणसं सोबत असली की सुट्टीचे दोन-दोन दिवस रस्त्यातच जातात. पुरीहून कोणार्क ३५ किमी, रस्ता किनाऱ्यालगतचा. सकाळी लवकर पोहोचा. दगड तापला की अनवाणी नसलात तरी रथाची चाकं नीट बघवत नाहीत.

वऱ्हाडी_वाटसरू: भाऊ, अंतर मान्य. पण दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, बंगालच्या उपसागरात वादळांचा मोसम. चक्रीवादळ आलं की गाड्या रद्द होतात, पुरीजवळच्या चिलिका सरोवरातल्या बोटी बंद. कोकणात तेव्हा पाऊस सरलेला, आरे-वारेचा रस्ता हिरवागार. मालगुंडला केशवसुतांचं घर, पुढे जयगड. एका मुक्कामात सगळं होतं. बाप्पाच्या डोंगराची प्रदक्षिणाही साधारण किलोमीटरभराचीच.

धंतोलीकर: वादळाचा मुद्दा खरा आहे, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी धरा. फनी चक्रीवादळ तर मे महिन्यात, ३ मे २०१९ ला, पुरीजवळच धडकलं होतं. एप्रिल-मेही टाळलेलाच बरा.

महाल_मीनाक्षी: दोघांनीही पाण्याचं सांगितलं नाही, आणि आपल्या विदर्भातली माणसं तिथंच चुकतात. तलावात पोहता येणं वेगळं. गणपतीपुळ्याला उतार एकदम खोल जातो, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, ओहोटीला गुडघ्यापलीकडे जाऊ नका. पुरीतही लाटा दणकट; ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेल्या गोल्डन बीचवर जीवरक्षक असतात, तिथंच उतरा. आत ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवं पोहून प्रवाहाबाहेर पडा.

जगन्नाथाला जाताना मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा-पाकीट खोलीवरच ठेवा. हाफ पँट, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत.

वऱ्हाडी_वाटसरू: ताई, पाण्याचं पटलं. तरी दिवाळीला माझं मत कोकणच.

धंतोलीकर: चिलिकाचं राहिलं. पक्ष्यांसाठी सातपाड्याला जाऊ नका, ते डॉल्फिनचं ठिकाण. पक्षी बघायचे तर हिवाळ्यात मंगलाजोडी, आणि तो दिवस भुवनेश्वरच्या मुक्कामात धरा.