निर्दोष सुटल्यावरही पोलीस पडताळणीत जुना गुन्हा येतो. नोंद पुसता येते का?

पाऊसवाट

नात्यातल्या एका मुलासाठी विचारतोय. २०१९ चा गुन्हा, भादंवि ३२४, ३२३, ५०४, ३४. अटक, दुसऱ्या दिवशी जामीन. २०२३ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी निर्दोष सोडलं, सरकारने अपील केलेलं नाही. आता नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला तर अहवालात 'गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट' असं आलंय. पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआरही कुणालाही दिसतो.

१) एफआयआर असा सर्वांसाठी खुला ठेवणं कायदेशीर आहे का?
२) ही नोंद कायमची काढता येते का?
३) सुरुवात कुठून करायची? एक वकील थेट हायकोर्टात चला म्हणतात.

नक्कल_विभाग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा. इंटरनेटची अडचण असेल तर मुदत ४८ तास, फार तर ७२. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळले आहेत. अटकेची यादी वेगळी. जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेर अटक केलेल्यांची नावं-पत्ते लावण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-सी (41C) मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तीच बीएनएसएस म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे आणि तिथे डिजिटल स्वरूपातही प्रदर्शित करा असं म्हटलंय. गंमत अशी की टाकायचं कधी ते ठरलंय, निकाल लागल्यावर उतरवायचं कधी ते कुठेच नाही.

दुसरं. अमेरिकेत काही राज्यांत कोर्ट नोंद सीलबंद करतं, तशी सर्वसाधारण सोय आपल्याकडे प्रौढांसाठी नाही. त्यामुळे 'पुसा' असा अर्ज करू नका, तो फेटाळलाच जातो. 'निकाल नोंदवा' असा करा. ते करणं पोलिसांचं कामच आहे.

नोंद अडकते कुठे ते आधी समजून घ्या. सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यांच्या गुन्हे नोंदींच्या संगणक प्रणालीत, प्रत्येक टप्प्याचा वेगळा फॉर्म असतो: १ एफआयआर, ३ अटक, ५ अंतिम अहवाल म्हणजे दोषारोपपत्र किंवा समरी (तपास बंद करण्याचा अहवाल), ६ न्यायालयीन निकाल, ७ अपिलाचा निकाल. १, ३ आणि ५ तपासाच्या ओघात भरले जातात. सहावा मात्र कोर्ट पैरवीच्या (पोलिसांच्या वतीने कोर्टातलं काम पाहणाऱ्या) अंमलदाराने निकाल ठाण्यात आणून दिला तरच भरला जातो. तो रिकामा असेल तर संगणक आयुष्यभर 'न्यायप्रविष्ट' दाखवणार.

आता कामाचं:

निकालाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून काढा. ई-कोर्ट्सवरून उतरवलेली पीडीएफ ठाण्यात चालत नाही. निदान तीन प्रती घ्या. निकालात 'संशयाचा फायदा' लिहिलंय की पुराव्याअभावी सरळ निर्दोष, ते वाचून ठेवा, पुढे फरक पडतो.

मग वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे एक पानी अर्ज. त्यात गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) व वर्ष, कलमं, कोर्टाचा आरसीसी (फौजदारी खटल्याचा) क्रमांक, १६ अक्षरी सीएनआर (ई-कोर्ट्सवरचा खटल्याचा ओळख क्रमांक), निकालाची तारीख, आणि नोंदीबाबत एकच मागणी: 'फॉर्म ६ भरून निकालाची नोंद घ्यावी व तशी लेखी पोच द्यावी.' एक प्रत पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर विशेष शाखेला. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रश्न दोनच: सदर गुन्ह्यात निकालाची नोंद सीसीटीएनएसमध्ये कोणत्या तारखेला घेतली, आणि त्या फॉर्मची प्रत. अर्ज त्या मुलानेच स्वतःच्या नावाने करायचा, म्हणजे तिऱ्हाइताची खासगी माहिती म्हणून नाकारता येणार नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. बहुतेक वेळा उत्तर देण्याआधी फॉर्म भरला जातो, कारण 'नोंद घेतलेली नाही' असं सहीनिशी लिहून देणं कुणालाच नको असतं.

नोंद झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा अर्ज नव्याने करा. जुन्या अहवालात दुरुस्ती मागत बसलात तर फाईल दोन शाखांमध्ये हेलपाटे घालते.

सरळरेषा

हायकोर्टाबद्दल. गुन्हा रद्द करण्याची याचिका (जुनं ४८२, आता बीएनएसएस ५२८) खटला चालू असताना कामाची. निर्दोष सुटल्यावर रद्द करायला उरतंच काय? पैसे वाचवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट (पोलिसांना त्यांचं काम करायला लावणारी हायकोर्टातली याचिका) तेव्हाच, जेव्हा लेखी अर्ज करूनही पोलीस नोंद घेत नाहीत. तेव्हाही वर सांगितलेले आवक क्रमांक नसतील तर 'आधी तिकडे अर्ज करा' म्हणून परत पाठवतील.

ज्यांचा खटला अजून चालू आहे आणि तडजोडीने रद्द करून घेणार आहेत त्यांच्यासाठी: याचिकेच्या मागण्यांतच 'आदेशाची नोंद सीसीटीएनएसमध्ये घेण्याचे निर्देश द्यावेत' हे वाक्य घाला. नंतर तेवढ्यासाठी पुन्हा जावं लागतं.

ऑनलाइन निकालातून नाव काढणं हा वेगळा विषय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निर्दोष सुटलेल्याला असा अंतरिम दिलासा दिला होता. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसाच आदेश दिला, त्याला जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. या भरवशावर आत्ता खर्च करू नये असं माझं मत. अटकेची बातमी छापणाऱ्या वृत्तसंकेतस्थळाला मात्र निकालाची प्रत जोडून 'बातमीत निकाल जोडा' अशी मागणी जरूर करा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

बोटांचेठसे

एक गोष्ट मात्र खरोखर पुसता येते: ठसे आणि फोटो. २०१९ ची अटक म्हणजे कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा लागू. त्याचं कलम ७ सांगतं की आधी शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला, तर कोर्टाने किंवा दंडाधिकाऱ्याने वेगळा आदेश दिला नसेल तर मोजमापं आणि फोटो नष्ट करायचे किंवा त्याला परत द्यायचे. त्याच्या जागी आलेल्या २०२२ च्या नव्या कायद्यात एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) नोंद ७५ वर्षं ठेवते, पण निर्दोष सुटल्यावर आणि अपिलाचे सगळे मार्ग संपल्यावर नष्ट करण्याची तरतूद त्यातही आहे. त्या नव्या कायद्याखालचा अर्ज राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो. तुमच्या बाबतीत ठाण्यातल्या अर्जातच दुसरा परिच्छेद म्हणून ठसे-फोटोंची ही मागणी घाला.

आणि गुन्ह्याच्या वेळी वय १८ पेक्षा कमी होतं का? तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ (२) नुसार प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद पोलिसांनी उघडच करायची नसते.

पाऊसवाट

वय तेव्हा २१. एक लिहायचं राहिलं: आरोपी चार होते. तिघे निर्दोष, चौथा खटल्यात कधी आलाच नाही.

नक्कल_विभाग

मग घोडं इथेच पेंड खातंय. फरारी आरोपीचा खटला विभक्त करतात, त्यामुळे मूळ गु.र.नं. प्रलंबितच राहतो आणि संगणकाला सगळे चौघे एकाच माळेत दिसतात. अर्जात 'आरोपी क्र. अमुक याच्यापुरता निकाल' असं ठळक लिहा, विभक्त खटल्याचा क्रमांकही द्या, आणि निकालपत्रात आरोपी क्रमांक व नाव दोषारोपपत्राशी जुळतंय का ते पाहा. वडिलांचं नाव किंवा आडनावाचं एक अक्षर वेगळं असलं तरी फॉर्म ६ दुसऱ्याच नोंदीला चिकटतो. आणखी एक: २०१९ नंतर त्या ठाण्याचं विभाजन झालं असेल तर कागद जुन्या ठाण्यात आणि पडताळणी नव्यात, असंही होतं. तेव्हा अर्ज दोन्हीकडे.

सरळरेषा

तोवर नोकरीचा फॉर्म भरायचा असेल तर: साक्षांकन नमुन्यात 'कधी अटक झाली होती का' आणि 'शिक्षा झाली का' हे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात 'होय' लिहून पुढे 'निर्दोष, दिनांक अमुक, प्रत जोडली' लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार माहिती खरी दिली तरी नोकरी द्यायची की नाही हे नियोक्ता पाहू शकतो, पण लपवली तर तेवढ्या एका कारणाने नियुक्ती जाऊ शकते. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० मध्येही नुसत्या अटकेबद्दल विचारतात. तिथे प्रमाणित प्रतीचं इंग्रजी भाषांतर हाताशी असू द्या.