ग्लास आयोनोमर खडूसारखं पांढरं का पडतं, आणि फ्लोराइडचं नेमकं किती खरं?

प्रश्न : नवखा_दंतवैद्य
दुधाच्या दाढा आणि मोठ्यांच्या हिरडीलगतची झीज, दोन्हीकडे साधं ग्लास आयोनोमर (काचेची पावडर आणि आम्ल मिसळून होणारं, दाताला स्वतःच चिकटणारं सिमेंट) वापरतो. काही फिलिंगवर बारीक भेगा पडून पृष्ठभाग पांढुरका होतो, काही तर अख्खी निघून येतात. प्रमाण पाकिटावर दिलेलंच असतं : सपाट केलेला एक चमचा पावडर, एक थेंब लिक्विड. दुसरं म्हणजे, यातून फ्लोराइड सुटतं म्हणून पुन्हा कीड लागणार नाही, असं पालकांना सांगणं योग्य आहे का?

उत्तर : सिमेंटवाला
अख्खं निघतंय म्हणजे चिकटलंच नव्हतं. प्रमाण कागदावर बरोबर असलं तरी थेंब बघा. बाटली आधी आडवी धरायची, बुडबुडा वर जाऊ द्यायचा, मगच उलटी उभी करायची. थेंबात हवा असेल तर लिक्विड कमी पडतं आणि मिश्रण लवकर घट्ट होतं. पावडरची बाटलीही आधी हलवून घ्या.

पावडरचे दोन भाग करा. पहिला लिक्विडमध्ये ओढून घ्या, मग दुसरा. सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत. घोटत बसू नका. मिश्रणावर ओली चकाकी आहे तोवरच ते दाताच्या पोकळीत गेलं पाहिजे. चकाकी गेली याचा अर्थ दाताच्या कॅल्शियमला धरणारे आम्लगट पावडरशीच खर्ची पडले. ते मिश्रण टाकून द्यायचं आणि नवं करायचं. दाबून बसवलं तरी धरणार नाही.

सिमेंट भरण्याआधी पोकळीत १०% पॉलिअॅक्रिलिक अॅसिड साधारण २० सेकंद लावून धुवा. नंतर कापसाच्या बोळ्याने टिपा, हवेचा फवारा मारून कोरडंठक्क करू नका. कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) भरताना लावतात तो फॉस्फोरिक अॅसिडचा जेल इथे नको. ज्या कॅल्शियमला सिमेंट धरतं तेच तो काढून नेतो.

उत्तर : लाळेचा_शत्रू
भेगांचं मूळ पाण्यात आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी मारतं. सुरुवातीला लाळ लागली तर अजून न बांधले गेलेले कॅल्शियम-अॅल्युमिनियम आयन धुऊन जातात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. उलट फिलिंग वाळलं तर ते आकसतं आणि तडकतं. म्हणून मॅट्रिक्स (फिलिंगला आकार देणारी पट्टी) काढल्याबरोबर फिलिंगवर पाणी अडवणारं व्हार्निश किंवा रेझिन कोट लावा. निदान पेट्रोलियम जेली तरी. जास्तीचं सिमेंट धारदार हत्याराने छाटा. बर (मशीनवर फिरणारं कोरायचं टोक) लावून फिनिशिंग शक्यतो २४ तासांनी. लाळ आवरतच नसेल तर प्रकाशाने घट्ट होणारं रेझिनयुक्त आयोनोमर घ्या.

उत्तर : कीडतज्ज्ञ
पालकांना तसं वचन देऊ नका. फ्लोराइडचा मोठा लोंढा पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो, मग तो झपाट्याने उतरतो आणि पुढे बराच काळ अगदी थोडं सुटत राहतं. प्रयोगशाळेत फिलिंगच्या कडेला संरक्षण दिसतं. तोंडात मात्र नवी कीड किती थांबते याबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. खरा उपयोग पुनर्भरणाचा : टूथपेस्ट किंवा दातांवर लावायच्या फ्लोराइड व्हार्निशमधलं फ्लोराइड हे सिमेंट शोषतं आणि हळूहळू परत सोडतं. दिवसातून दोनदा १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) किंवा त्याहून जास्त फ्लोराइडची पेस्ट लागतेच. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी. कंपोमरकडून (कंपोझिट आणि आयोनोमर यांच्या मधलं साहित्य) मात्र फार अपेक्षा नको. तो सोडतोही कमी, भरून घेतोही कमी.

नवखा_दंतवैद्य
जोखीम जास्त असलेल्या मुलाला वर एपीएफ (आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइड) जेल दिलं तर?

कीडतज्ज्ञ
नको. १.२३% एपीएफ आम्लधर्मी असतं, पीएच साडेतीनच्या आसपास. ते आयोनोमरचा पृष्ठभाग कोरतं. ५% सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावा, साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी. आणि दुधाच्या दाढेत दोन दातांमधली मोठी पोकळी असेल तर साधं आयोनोमर कडेला तुटतं. तिथे स्टेनलेस स्टीलच्या क्राउनचा (दातावर बसवायच्या टोपीचा) विचार आधी करा.