दोन आठवड्यांचे ४४ कोटी : टेनिसवाल्यांना जरा जास्तच मिळतात का?

धरमपेठकर :
रात्री तीन वाजेपर्यंत जागून २०२५ च्या अमेरिकन ओपन टेनिसची फायनल पाहिली. अल्काराझनं सिनरला हरवलं, चषक उचलला आणि ५० लाख डॉलर घेऊन गेला. आपले झाले ४४ कोटी. आदल्या दिवशी महिलांमध्ये जिंकलेल्या सबालेंकाला तेवढेच. खेळ भारी होता, वाद नाही. पण सकाळी दुकानात बसल्या बसल्या एक हिशेब डोक्यातून जाईना.

त्याच वर्षी जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला. तीन आठवडे डोकं लावलं, फायनलमध्ये कोनेरू हंपीला हरवलं, ग्रँडमास्टर झाली. वय १९. पहिलं बक्षीस ५० हजार डॉलर. म्हणजे बरोब्बर शंभरावा हिस्सा! आणि अमेरिकन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरून घरी जाणाऱ्याला १ लाख १० हजार डॉलर. हरणाऱ्याला आपल्या वर्ल्ड कपवालीच्या दुप्पट. मला हे पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर का, ते सांगा.

तर्री_एक्स्ट्रा :
अबे भाऊ, पहिल्या फेरीत हारायचा फॉर्म कुठं भेटते ते सांग पहिले. मी उद्याच भरतो.

रामनगरची_आई :
फॉर्म कुठे भेटतो ते मी सांगते, तर्री भाऊ. जगात पहिल्या शंभराच्या आसपास नंबर लागला की थेट प्रवेश. नाही लागला तर आधी क्वालिफाइंगच्या तीन फेऱ्या जिंका.

आता त्या शंभरात पोचायचं कसं? सुरुवात होते पंधरा हजारवाल्या स्पर्धांपासून. पंधरा हजार डॉलर एकट्याचे नाहीत, अख्ख्या स्पर्धेचे, एकेरी-दुहेरी सगळ्यांत वाटायचे. एकेरी जिंकणाऱ्या मुलाच्या हातात २,१६० डॉलर, पहिल्या फेरीत हरलेल्याला दीडशेच्या आसपास. तिकीट स्वतःचं, खोली स्वतःची, जेवण स्वतःचं, कोच सोबत नेला तर त्याचंही. आठवडाभर राहून दीडशे डॉलर घेऊन परत या.

सुमित नागल आठवतो? तेव्हाचा भारताचा एक नंबरचा टेनिस खेळाडू. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं उघड सांगितलं होतं की त्याच्या खात्यात ९०० युरो उरलेत. वर्षाचा खर्च ८० लाख ते १ कोटी, जे कमावलं ते त्यातच गेलं. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाइंग खेळून आला, ३१वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. म्हणजे कोटीच्या जवळपास. तुम्हाला जी हरणाऱ्याची चैन वाटते ना धरमपेठकर, त्यावर अशा खेळाडूचं पुढचं वर्ष निघतं.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. सकाळी सहाला रामनगरच्या कोर्टवर असतो आम्ही. मे महिन्यात आठच्या आत आवरावं लागतं, नाहीतर कोर्ट तव्यासारखं तापतं. आयटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धेसाठी कधी पुणे, कधी हैदराबाद. रॅकेटची स्ट्रिंग महिन्यातून दोनदा तुटते आणि ती तुटली की माझ्या पोटात गोळा येतो. एवढंच.

जामठा_एंड :
ताई, राग नका मानू, पण मग क्रिकेटमध्येच का नाही टाकलं? आपला विदर्भ २०२५ ला रणजी जिंकला, इथेच नागपुरात, जामठ्याच्या स्टेडियमवर. रणजीत ४० पेक्षा जास्त सामने झालेल्याला दिवसाला ६० हजार. चार दिवसांचा सामना म्हणजे २ लाख ४० हजार. अगदी नवख्यालाही दिवसाचे ४० हजार. प्रवास, हॉटेल असोसिएशनचं. हरला तरी फी तीच. अमरावतीच्या जितेश शर्माला आयपीएलमध्ये ११ कोटी मिळाले. टेनिसमध्ये जाणं म्हणजे आपल्या हातानं विहिरीत उडी मारणं आहे.

रामनगरची_आई :
तिला टेनिस आवडतं म्हणून.

धरमपेठकर :
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण तुम्ही माझीच बाजू मांडून राहिल्या! वरच्या दोघांच्या ताटात ४४-४४ कोटी वाढले की खाली दीडशे डॉलरच उरणार. अल्काराझला १० कोटी दिले असते तर तो काय खेळला नसता? उरलेले ३४ कोटी खालच्या स्पर्धांना द्या. किती नागल उभे राहतील!

सीए_प्रतापनगर :
धरमपेठकर, हिशेब चुकतोय. एकाच पातेल्यातलं दोघांना वाढायचं आहे असं तुम्ही धरून चाललात. पातेली वेगळी आहेत. अमेरिकन ओपन तिथली राष्ट्रीय संघटना चालवते, पंधरा हजारवाल्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली होतात, मधल्या स्पर्धांचा दौरा तिसऱ्यांचाच. अल्काराझचे कापले म्हणून ते आपोआप खाली झिरपणार नाहीत.

आणि मुळात पातेल्यात किती आहे ते बघा. २०२३ मध्ये अमेरिकन ओपनचं उत्पन्न ५१ कोटी डॉलरच्या वर होतं. बक्षिसं सगळी मिळून साडेसहा कोटी. म्हणजे रुपयातले बारा-तेरा पैसे. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, खेळाडूंच्या वाट्याला साधारण निम्मे येतात. म्हणूनच २०२५ मध्ये वरच्या खेळाडूंनी चारही ग्रँड स्लॅमना, म्हणजे अमेरिकन ओपनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना, वाटा वाढवा म्हणून पत्र लिहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जोकोविचनं सुरू केलेली खेळाडू संघटना थेट न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली.

शिवाय ते ४४ कोटी हातात पडत नाहीत. परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून अमेरिका ३० टक्के उगमातच कापते. मग कोच, फिजिओ, घरच्या देशाचा कर.

धरमपेठकर :
कापून ३० कोटी उरले तरी मी त्याच्यासाठी वर्गणी काढणार नाही, साहेब. बाकी पातेल्याचं मान्य. हे मला माहीत नव्हतं.

सीए_प्रतापनगर :
वर्गणीची गरज नाहीच. खरा पैसा कोर्टाबाहेर आहे. २०२० साली फोर्ब्सच्या यादीत फेडरर जगातला सर्वाधिक कमावणारा खेळाडू होता, १० कोटी ६३ लाख डॉलर. त्यातले १० कोटी जाहिरातींचे. बक्षिसावर भांडून उपयोग काय?

फोरहँड_१९७८ :
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पुरुष पाच सेट खेळतात, बायका तीन. पैसे सारखे कसे? दुकानात अर्धा दिवस आलेल्याला पूर्ण रोजी देता का?

अंबाझरी_काका :
फोरहँड, मी सत्तरीचा आहे, तुमच्यापेक्षा जुना प्रेक्षक. १९६८ ला विम्बल्डन व्यावसायिकांना खुलं झालं तेव्हा पुरुषांत जिंकलेल्या लेव्हरला २,००० पौंड आणि महिलांत जिंकलेल्या बिली जीन किंगला ७५०. तिनं भांडून १९७३ ला अमेरिकन ओपनमध्ये बरोबरी आणली. विम्बल्डनला अक्कल यायला २००७ उजाडलं. आणि चार ग्रँड स्लॅम सोडले तर पुरुषही वर्षभर तीनच सेट खेळतात, तेव्हा त्यांचे पैसे कापा असं तुम्ही म्हटल्याचं ऐकलं नाही. सेटवर पैसे द्यायचे तर सामना लांबवणाऱ्याला बोनस द्या! लोक तिकीट काढतात ते बघायला, घड्याळ लावायला नाही.

फोरहँड_१९७८ :
काका, पटलं नाही. पण तुमच्याशी वाद नाही घालत.

तर्री_एक्स्ट्रा :
काकानं बॅकहँड मारला न बाप्पा 😂

इतवारी_६४घरं :
मूळ मुद्द्यावर येऊ? मी स्वतः बुद्धिबळ खेळतो, दिव्याचा अभिमान आहेच. पण शंभरावा हिस्सा म्हणून टेनिसला बोल लावण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या त्या स्टेडियमात एका वेळी वीस हजारांहून जास्त माणसं तिकीट काढून बसतात. बुद्धिबळाला शेवटचं तिकीट तुम्ही कधी काढलं, धरमपेठकर? दिव्याला नंतर राज्य सरकारनं ३ कोटी दिले, इथेच नागपुरात सत्कार करून. स्पर्धेच्या बक्षिसाच्या जवळपास सातपट. जो खेळ आपण पैसे देऊन पाहत नाही, त्याचं बक्षीस शेवटी सरकारलाच द्यावं लागतं.

धरमपेठकर :
तिकीट कधीच काढलं नाही. फायनलही यूट्यूबवर फुकट पाहिली. बरं बाप्पा, सापडलो.

तरी एक मागे घेत नाही. १ लाख १० हजार पहिल्या फेरीला आणि पंधरा हजारवाल्या स्पर्धेत दीडशे, ही दरी मला आता ४४ कोटींपेक्षा जास्त खटकून राहिली. पातेली वेगळी असतील, पण या ग्रँड स्लॅममध्ये खेळणारी पोरं त्या खालच्या पातेल्यातूनच वर येतात ना? एखाद्या वर्षी विजेत्याची रक्कम वाढवू नका, तेवढा पैसा खाली पाठवा. कोणीच का करत नाही? सीए साहेब, याला उत्तर द्या.

सीए_प्रतापनगर :
खालच्या स्पर्धेची बातमी होत नाही. '५० लाख डॉलर' ही पहिल्या पानाची बातमी होते, तुम्ही हा धागा काढला तोही त्याच आकड्यावर. 'पहिल्या फेरीत १५० चे ३०० केले' यावर काढला असता?

धरमपेठकर :
नसता काढला.

रामनगरच्या ताई, माझा भाचा बेंगळुरूला नोकरीला लागला. त्याच्या दोन रॅकेट माळ्यावर पडून आहेत, एकीची स्ट्रिंग तुटलेली आहे. मुलीला ग्रिप किती नंबरची लागते?

रामनगरची_आई :
दोन नंबर. तुटलेली असली तरी चालेल, दादा. सकाळी सहा ते आठ आम्ही कोर्टवरच असतो.