घाऊक डेटा भरताना प्रोग्रामांनी मेमरीतून माहिती एकमेकांना द्यावी का?

ताम्हण (धागाकर्ता)
सॅप या कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रणालीतील डेटा भरताना एका प्रोग्रामने मेमरीत ठेवलेले मूल्य दुसऱ्याने उचलायचे, ही पद्धत एबॅप (सॅपची प्रोग्रामिंग भाषा) लिहिणाऱ्यांच्या हाती चांगलीच रुळलेली आहे. घाऊक भरणीत ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, एमएम०१ या व्यवहारातून कॉल ट्रान्झॅक्शनने (प्रोग्राममधूनच व्यवहाराचे पडदे चालवणाऱ्या आज्ञेने) मटेरियल, म्हणजे मालाच्या नोंदी, तयार होत आहेत. जुन्या प्रणालीतील मंजुरी क्रमांकासाठी पडद्यावर रकाना नाही, म्हणून भरणीचा प्रोग्राम तो 'एक्स्पोर्ट टू मेमरी'ने एबॅप मेमरीत ठेवतो आणि सेव्ह करताना चालणारी युजर एक्झिट (सॅपच्या कोडमध्ये आपला कोड घालण्यासाठी राखलेली जागा) तो 'इम्पोर्ट' करते. चाचणीत सगळे सुरळीत चालते. पुढे वेळ पुरेना म्हणून कोणीतरी तेच काम बॅच इनपुट सेशनमध्ये (नंतर चालवण्यासाठी साठवलेल्या भरणीत) घालतो किंवा आरएफसीने (वेगळ्या सत्रात फंक्शन बोलावून) समांतर चालवतो. एबॅप मेमरी केवळ त्या हाकेच्या साखळीपुरतीच (एकाने दुसऱ्याला बोलावलेल्या प्रोग्रामांपुरतीच) जिवंत असते, त्यामुळे एसएम३५ या सेशन चालवण्याच्या व्यवहारातून नंतर चालणाऱ्या सेशनला किंवा आरएफसीने उघडलेल्या नव्या सत्राला ती दिसतच नाही. 'इम्पोर्ट' अयशस्वी झाल्यास एसवाय-सबआरसी (मागची आज्ञा यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) ४ होतो, पण प्रोग्राम थांबत नाही आणि व्हेरिएबलमध्ये आधीचे जे असेल ते तसेच राहते.

याहून घातक प्रकार लूपमध्ये होतो. एखाद्या रेकॉर्डला मंजुरी क्रमांकच नसेल, त्या फेरीत 'एक्स्पोर्ट' झाले नसेल आणि मेमरी रिकामी करणारे 'फ्री मेमरी'ही लिहिलेले नसेल, तर मागच्या मटेरियलचा क्रमांक पुढच्याला चिकटतो. संदेशांच्या तक्त्यात मात्र दोन्ही रेकॉर्ड यशस्वी दिसतात. चूक लेखापरीक्षणापर्यंत लपून राहू शकते, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

कडेपठार
आपण दाखवलेले धोके खरे आहेत, पण निष्कर्ष पटत नाही. एक्झिटची पॅरामीटर-यादी सॅपने ठरवलेली असते. ती बदलणे म्हणजे मूळ कोडमध्ये हात घालणे आणि प्रत्येक अपग्रेडच्या वेळी तो बदल पुन्हा तपासत बसणे. क्लासचे स्टॅटिक अ‍ॅट्रिब्यूट (क्लासमधील सामाईक व्हेरिएबल) वापरा, असे कोणी सुचवील; परंतु कॉल ट्रान्झॅक्शन नवे अंतर्गत सत्र उघडते आणि तिथे त्या अ‍ॅट्रिब्यूटची वेगळी, कोरी प्रत असते. त्या सीमेपलीकडे पोहोचणारी सर्वांत सोपी वाट एबॅप मेमरीच आहे. प्रत्येक फेरीच्या आरंभी 'फ्री मेमरी' आणि प्रत्येक 'इम्पोर्ट'नंतर सबआरसीची तपासणी, एवढी शिस्त पाळली तर आपण सांगितलेला दुसरा प्रकार घडणारच नाही. निष्काळजीपणाचा दोष साधनावर टाकू नये.

पाणवठा
मी ताम्हण यांच्या बाजूने आहे. शिवाय सॅप मेमरीचा, म्हणजे 'सेट पॅरामीटर' आणि 'गेट पॅरामीटर'चा, मुद्दा राहिला. ती वापरकर्त्याच्या सगळ्या खिडक्यांना सामाईक असते. भरणीच्या फाइलमध्ये प्लांटचा (कारखाना किंवा गोदामाचा) रकाना रिकामा असला, की प्लांटच्या डब्ल्यूआरके पॅरामीटरमधील मूल्य पडद्यावर आपोआप उतरू शकते, आणि ते मूल्य एसयू३ या वैयक्तिक सेटिंगच्या पडद्यावर प्रत्येकाने आपापल्या सोयीने भरलेले असते. मग एकच फाइल दोघांनी चालवली तर साठा दोन वेगळ्या प्लांटांत जाण्याची शक्यता उरते. यावर प्रोग्रामरची शिस्त अपुरी पडते, कारण मूल्य बदलणारा प्रोग्रामर नसतोच.

कडेपठार
तो दोष मेमरीपेक्षा अपुऱ्या फाइलचा आहे. अनिवार्य रकाने भरणीपूर्वीच तपासावेत.

ओंजळ
समांतर भरणीत जुन्या-नव्या कोडांचा तक्ता प्रत्येक प्रक्रियेने स्वतंत्रपणे वाचण्याऐवजी शेअर्ड ऑब्जेक्ट्समध्ये (सर्व्हरवरच्या सामाईक मेमरीत) एकदाच ठेवणे मला योग्य वाटते. एसएचएमए या व्यवहारात त्यासाठी क्षेत्र आखता येते, वाचनाचे आणि लेखनाचे कुलूप वेगळे असते आणि पॅरामीटरची चोरटी ये-जा होत नाही. मात्र हे क्षेत्र एका अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरपुरते असते. चार सर्व्हर असतील तर चार प्रती होतात. म्हणून भरणी चालू असताना बदलणारा तक्ता तिथे ठेवू नये. स्थिर तक्ता निःशंक ठेवावा.

ताम्हण
ओंजळ यांचे म्हणणे मान्य आहे, कारण तिथे वाचणाऱ्याला आपण कोठून वाचतो आहोत ते कोडमध्येच दिसते. कडेपठार यांना मात्र माझे उत्तर आहे. मटेरियलसाठी बापी (पडद्याविना नोंद करणारे सॅपचे तयार फंक्शन) उपलब्ध आहे आणि आपण टेबलात जोडलेले रकाने तिच्या 'एक्स्टेन्शनइन' या पॅरामीटरमधून पाठवता येतात. तिथे पडदे नाहीत आणि मेमरीची गरजही नाही. जिथे बापी नाही, तिथे भरणीपूर्वी सर्व मूल्ये स्वतःच्या टेबलात लिहून कमिट (कायम) करावीत आणि एक्झिटने पडद्यावर असलेल्या जुन्या मटेरियल क्रमांकाच्या आधारे ती वाचावीत. हा मार्ग कॉल ट्रान्झॅक्शन, सेशन आणि आरएफसी या तिन्हींत सारखाच चालतो आणि भरणीनंतर काय आले, काय गेले ते टेबल उघडून पाहता येते.

कडेपठार
टेबलाचा उपाय चांगला आहे, पण दर वेळी पडद्यावर अशी किल्ली मिळेलच असे नाही. क्रमांक सेव्हनंतरच ठरतो आणि जुन्या क्रमांकाला रकानाही नाही, अशा व्यवहारांत ती किल्ली एक्झिटपर्यंत कशी न्यायची? मी तिथे मेमरीच वापरीन. मात्र आपल्या आक्षेपानंतर त्यातून पूर्ण मूल्य न नेता केवळ टेबलाची किल्ली नेईन आणि ती न मिळाल्यास एक्झिटमधूनच त्रुटीसंदेश देऊन ते रेकॉर्ड थांबवीन.