खंजिरी भजन मंडळात नवीन माणसाला एवढं परकं काहून समजतात?

मानेवाड्याचा_पोट्टा:
राम राम मंडळी. मी २६ वर्षांचा, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत जॉब करतो, घरी आम्ही हिंदी बोलतो. शेजारच्या आजोबांची खंजिरी ऐकतच मोठा झालो, म्हणून दोन महिन्यांपासून एका मंडळात दर गुरुवारी जाऊन राहिलो. खंजिरीला अजून हात लावू दिला नाही, टाळ देतात आन मागं बसवतात. परवा एक काका सगळ्यांसमोर बोलले, "हे कंपनीवाले पोट्टे येतात, रील काढतात आन चालले जातात, याला तर ळ पण म्हणता येत नाही." मी तिथं एकदाही मोबाईल काढला नाही हो. खूप लागलं मनाला. जाणं सोडू का?

पेटीवाला_महाल:
सोडू नको भाऊ. काका चुकलेच, पण ते बोलणं कुठून येते ते सांगतो. आमच्याकडे तीन पोट्टे आले होते, चाली शिकवल्या, खंजिरी हातात दिली, आन स्पर्धेच्या आठ दिवस आधी तिघंही गायब, फोन उचलेनात, शेवटी आमच्या म्हाताऱ्या बुवांनी बसलेल्या गळ्यानं सगळी भजनं ओढली. तेव्हापासून नवा चेहरा दिसला की तेच आठवते. आन टाळ दिला म्हणजे हाकललं असं नाही, मी पण टाळावरूनच पेटीवर आलो, धृपद उचलता उचलता चाल अंगात भिनते. सध्या पावसाळा आहे, खंजिरीचं कातडं सैल पडते, शेकून घ्यावं लागते. लवकर जा आन ते काम मागून घे.

नंदनवनची_ताई:
ळ वरून अडवणं मला बिलकुल पटलं नाही. ज्यांची भजनं आपण खंजिरीवर म्हणतो, त्या तुकडोजी महाराजांनी मराठीइतक्याच प्रेमानं हिंदीतही भजनं लिहिली. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, दोन्ही भाषा इथल्याच. आन गावाकडची आपली आजी डोळ्याला डोया म्हणते, तिला कोणी भजनातून उठवते का? पण आम्ही बायकाही काही कमी नाही. आमच्या महिला मंडळात एक पोरगी जीन्स घालून आली होती, आवाज काय सुरेख तिचा, पण सगळ्यांनी नाकं मुरडली, त्यात मी पण होती. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर अख्खा अध्याय आहे, तो आम्ही वाचतो, आन दारात आलेल्या पोरीला साधं बस म्हटलं नाही. ती परत आलीच नाही. तू मात्र जा बाबा.

मानेवाड्याचा_पोट्टा:
ताई, दादा, थँक्यू. काल पाणी पडत होतं, अर्धा तास आधीच गेलो. काका एकटेच शेगडीजवळ बसले होते, काही बोलले नाही, दुसरी खंजिरी माझ्याकडे सरकवली. शेकायलाच दिली, वाजवायला नाही. शेगडीपासून किती दूर धरायची ते कोणी सांगा ना, कातडं जास्त तापून फाटलं तर काय, याचीच भीती वाटून राहिली.