अकरा पोरं, ग्लोव्हज चार जोड्या. स्पारिंग (सरावाची लढत) कसं बसवायचं?

प्रश्न (जळगाव): बॉक्सिंगच्या बॅचला ११ पोरं, १६ औंसचे ग्लोव्हज ४ जोड्या. मोकळं स्पारिंग लावलं की मिनिटभरात नुसती हाणामारी.

भुसावळ: मोकळं सोडूच नका भाऊ. एकाला फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), दुसऱ्याला फक्त बचाव, मिनिटाने अदलाबदल. दम संपला की पाय थांबतात, मग हात सुटतात. म्हणून फेरी छोटी ठेवा.

धुळे: चौघं ग्लोव्हजवर, उरलेल्या ७ पैकी ६ जणांना खांदा-शिवणी द्या. चुन्याने २ मीटरचं रिंगण आखा, उघड्या तळहाताने समोरच्याचा खांदा शिवायचा. दोघंही वाकून एकदम घुसले की कपाळं आपटतात. गुडघ्यातून वाका, नजर छातीवर. माउथगार्ड (दातांवरचं कवच) मात्र स्वतःचाच, त्यात उधारी नाही.

प्रश्नकर्ता: आणि अकरावा?

धुळे: त्याच्या हाती शिट्टी-घड्याळ. मे महिन्यात संध्याकाळी सातनंतरच घ्या, पत्र्याचा हॉल भट्टी असतो.