दोन वस्त्यांमधील मुलांना खेळातून जवळ आणायचे असेल, तर सामने कसे ठेवावेत?

प्रश्न : अभ्यासिका कार्यकर्ता, कळवा (ठाणे)

सर्वांना नमस्कार.

मी कळव्यात राहतो आणि आमच्या भागातील एका अभ्यासिकेचे काम गेली सहा वर्षे पाहतो. अभ्यासिकेच्या मागे मोकळे मैदान आहे आणि मैदानाच्या दोन बाजूंना दोन वस्त्या आहेत. एकीकडील बहुतेक घरे हिंदू आहेत, दुसरीकडील मुस्लिम. एकीकडील मुले मराठी माध्यमाच्या शाळेत जातात आणि दुसरीकडील बरीचशी उर्दू माध्यमाच्या. त्यामुळे ही मुले एकमेकांना भेटतील अशा जागा दोनच उरतात, एक आमची अभ्यासिका आणि दुसरे ते मैदान.

गेल्या हिवाळ्यात तेथे रात्रीची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा झाली. रोख बक्षीस मोठे होते. अंतिम सामना नेमका या दोन वस्त्यांच्या संघांत आला, शेवटच्या षटकातील एका नो बॉलवरून वाद पेटला, स्टंप उपसले गेले आणि पोलिसांना यावे लागले. सतरा वर्षांच्या दोन मुलांना, एक इकडचा आणि एक तिकडचा, पालक येईपर्यंत पोलीस चौकीत बसावे लागले. हे दोघे दहावीच्या वर्षी माझ्याकडे एकाच बाकावर बसून गणिते सोडवत असत, म्हणून मला हे अधिक लागले. आता एक सकाळी येतो आणि दुसरा संध्याकाळी.

वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे आहे की मैदानावरील खेळच बंद करावेत, तर काहींना वाटते की ६ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला विकास आणि शांततेसाठी क्रीडा दिन असल्याने त्या दिवशी एक ‘शांतता चषक’ ठेवावा आणि दोन्ही वस्त्यांचे संघ पुन्हा समोरासमोर आणावेत. पहिला मार्ग मला मुळीच मान्य नाही आणि दुसऱ्याची मला भीती वाटते. खेळामुळे तरुण मुलांमधील तेढ खरोखर कमी होते का, आणि होत असेल तर खेळाची रचना कशी असावी लागते, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, कोपरखैरणे

आपली भीती योग्य आहे. वस्तीच्या नावाने संघ उतरवला की मुलगा स्वतःसाठी खेळत नाही, तो पाठीमागे उभ्या असलेल्या तीनशे माणसांसाठी खेळतो आणि मग पंचाचा चुकलेला निर्णयही त्याला वस्तीचा अपमान वाटतो. एकतीस वर्षे शाळेच्या मैदानावर उभे राहून मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आपल्या मुंबईनेच हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९१२ पासून येथे चौरंगी क्रिकेट स्पर्धा होत असे, ज्यात युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे संघ असत, आणि १९३७ मध्ये पाचवा संघ आल्यावर ती पंचरंगी झाली. क्रिकेटचा दर्जा उत्तम होता आणि गर्दी अफाट होती. तरीही १९४० साली गांधीजींनी या स्पर्धेला स्पष्ट विरोध केला. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी आणि मुस्लिम अशा संघांमागचे कारण आपल्याला कधीच कळले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची थांबली.

त्याच काळातील पालवणकर बाळू यांचे उदाहरण मी मुलांना नेहमी सांगत असे. चर्मकार समाजात जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, पण त्याआधी पुण्यात खेळत असताना मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घेणारेच सहकारी चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यातून चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही, ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. एकत्र खेळल्याने सगळे काही आपोआप बदलत नाही, पण एका संघात असल्यामुळे तो प्रश्न टाळताही येत नाही, असे मी यातून समजलो आहे.

म्हणून माझा सल्ला असा की संघ चिठ्ठ्या टाकून मिसळा आणि प्रत्येक संघात दोन्ही वस्त्यांची मुले साधारण सारखी ठेवा. रोख बक्षीस पूर्ण बंद करा. त्या पैशातून सामायिक बॅट, पॅड आणि चेंडू घ्या, म्हणजे साहित्य कोणा एकाच्या घरी न राहता आपल्या अभ्यासिकेत राहील. आणि एका दिवसाचा चषक नको. किमान दोन महिने, आठवड्यातून दोन वेळा सराव हवा, कारण मैत्री सामन्यात होत नाही, ती नेट लावताना आणि हरवलेला चेंडू शोधताना होते.

उत्तर : समाजशास्त्राची विद्यार्थिनी, वाशी

सरांच्या अनुभवाला दोन अभ्यासांतून चांगला आधार मिळतो, म्हणून ते येथे मांडते.

पहिला अभ्यास मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाचा असून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांसाठी क्रिकेट लीग भरवल्या. काही तरुणांना एकाच जातीच्या संघात टाकले, काहींना मिश्र संघात, आणि कोण कोणाविरुद्ध खेळणार हेही सोडतीने ठरवले. मिश्र संघात खेळलेल्या तरुणांची दुसऱ्या जातींतील मैत्री वाढली आणि आपल्याच जातीला झुकते माप देण्याची वृत्ती कमी झाली. याउलट, दुसऱ्या जातीचे खेळाडू केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले, तेथे परस्परांतील व्यवहार साधारणतः घटला. शांतता चषकात समोरासमोर उतरवण्याचा जो बेत आहे, तो नेमका या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

दुसरा अभ्यास सलमा मुसा यांचा, २०२० सालचा. उत्तर इराकमध्ये इसिसच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांपैकी काहींमध्ये त्यांनी मुस्लिम खेळाडू समाविष्ट केले. ज्यांनी मुस्लिम सहकाऱ्यांबरोबर खेळ केला, ते पुढच्या हंगामातही मिश्र संघासाठी नाव नोंदवण्यास अधिक तयार होते आणि स्पर्धा संपल्यावर सहा महिन्यांनीही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करताना आढळले. मात्र मैदानाबाहेरील अनोळखी मुस्लिमांबद्दलच्या त्यांच्या वागण्यात असा ठळक बदल दिसला नाही. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. संघातला सलीम आपला होतो, पण त्याच्या गल्लीतील इतर माणसे आपोआप आपली होत नाहीत. त्यामुळे आपल्या उपक्रमाकडून दोन वस्त्यांचा समेट घडेल अशी अपेक्षा ठेवू नये. चाळीस मुले एकमेकांना नावाने ओळखू लागली, तरी ते पुष्कळ आहे.

उत्तर : जुना रहिवासी, राबोडी (ठाणे)

मी थोडा वेगळा सूर लावतो. खेळाने शांतता येते असे म्हणताना लोक दक्षिण आफ्रिकेतील १९९५ च्या रग्बी विश्वचषकाचे आणि तेथील कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांचे उदाहरण देतात, ज्यांनी गोऱ्यांचा मानल्या जाणाऱ्या संघाची जर्सी घालून कर्णधाराला चषक दिला. ते दृश्य खरोखर मोठे होते, परंतु त्यामागे अनेक वर्षांच्या वाटाघाटी, नवीन अंतरिम राज्यघटना आणि १९९४ ची निवडणूक होती. उलट बाजूने १९६९ मध्ये एल साल्वाडोर आणि होंडुरास यांच्यात विश्वचषक पात्रतेच्या सामन्यांनंतर चार दिवसांचे युद्ध झाले. तेही फुटबॉलमुळे झाले नव्हते. होंडुरासमध्ये गेलेल्या साल्वाडोरच्या शेतमजुरांचा आणि जमिनीचा वाद आधीपासून धुमसत होता. मैदानावर जे दिसते त्याचे मूळ बहुधा मैदानाबाहेर असते, म्हणून आपल्या नो बॉलच्या आधी त्या दोन वस्त्यांत काय बिनसले होते, याचा शोध आपण घेतला आहे का? मैदान संध्याकाळी कोणाच्या ताब्यात असते, स्पर्धेची वर्गणी कोणाकडून घेतली जाते, भोंगा कोणत्या दिशेला लावला जातो, या गोष्टींवरून कटुता साचते.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा दाखला अधिक जवळचा आहे. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडीने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत त्याच भागातील दोन्ही समाजांची साधी माणसे आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसत आणि रोजची भांडणे लहान असतानाच मिटवत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मला हे दिवस स्वतः आठवतात. तेव्हा मी विशीत होतो आणि भिवंडीतील मामाच्या घरून रोज निरोप येत असे की येथे सर्व ठीक आहे.

तेव्हा मुलांचे सामने जरूर ठेवा, पण दोन्ही बाजूंच्या चार-चार पालकांची एक बैठक दर पंधरवड्याला अभ्यासिकेत घ्या. अफवा मुलांच्या मोबाइलवर येते, पण ती खोटी आहे हे सांगण्यासाठी पलीकडच्या वस्तीतील कोणाला तरी त्या क्षणी फोन लावता आला पाहिजे.

उत्तर : मुलींच्या कबड्डी संघाची प्रशिक्षिका, ऐरोली

सर्वांचे लेखन वाचले. एका गोष्टीचा उल्लेख कोणीच केला नाही, ती म्हणजे मुली. प्रश्नात ‘मुले’ म्हटले आहे, पण त्या मैदानावर मुलींना जागा आहे का? रात्रीच्या स्पर्धेत त्या कधीच नसतात आणि त्यांच्या अनुपस्थितीत स्पर्धेचे वातावरण लवकर उग्र होते, असा माझा अनुभव आहे.

कोलंबियातील मेडेलिन शहरात यावर एक फार विचारपूर्वक उपाय निघाला. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात स्वयंगोल झालेला खेळाडू आंद्रेस एस्कोबार याची मायदेशी परतल्यावर त्याच शहरात हत्या झाली. त्यानंतर तेथे वस्त्यांतील टोळ्यांमध्ये अडकलेल्या तरुणांसाठी मुलामुलींच्या मिश्र संघांचा फुटबॉल सुरू झाला. पंच ठेवला नाही आणि संघाचा पहिला गोल मुलीने केला पाहिजे असा नियम घातला. पुढे या पद्धतीला तीन भागांचे रूप आले. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात, दुसऱ्यात सामना होतो आणि तिसऱ्यात पुन्हा एकत्र बसून कोण कसे वागले यावर गुण देतात, जे अंतिम निकालात धरले जातात. मध्यस्थ असतो, पण तो शिट्टी वाजवून निर्णय देत नाही, फक्त चर्चा घडवतो.

मी आमच्या मुलींच्या कबड्डीत यातील तिसरा भाग दोन वर्षे वापरून पाहिला. सुरुवातीला मुली गप्प बसत. मग एके दिवशी एक मुलगी स्वतःहून म्हणाली की माझा पाय रेषेबाहेर गेला होता, पंचांनी पाहिले नाही. त्यानंतर त्या दहा मिनिटांसाठी मुली थांबू लागल्या.

आणि माझी एक विनंती आहे की क्रिकेटबरोबर कबड्डीचाही विचार करावा. क्रिकेटमध्ये मिश्र संघ असला तरी एक मुलगा सीमारेषेवर तासभर एकटा उभा राहू शकतो. कबड्डीत ते शक्य नाही. साखळी करताना शेजारच्याचा हात धरावाच लागतो, आणि तो हात कधी सोडायचा आणि कधी ओढायचा हे न बोलता कळावे लागते. बाद होऊन बाहेर बसलेला गडी स्वतःच्या बळावर परत येत नाही, आतल्या सहकाऱ्यांनी समोरच्याला बाद केले तरच तो मैदानात येतो. बाहेर बसलेल्या मुलीला मी पलीकडच्या वस्तीतील मुलीच्या नावाने ओरडताना पाहिले आहे. शिवाय खर्च जवळजवळ नाही. मैदान आखायला चुना लागतो आणि माती असेल तर गुडघे कमी फुटतात.

प्रश्न विचारणाऱ्याकडून : कळवा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार.

राबोडीच्या काकांनी विचारलेला प्रश्न मी काल दोन्हीकडील चार घरी जाऊन विचारला. नो बॉलच्या आधी महिनाभर मैदानाच्या वेळेवरून कुरबूर सुरू होती आणि अभ्यासिकेत बसूनही मला त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे पालकांची बैठक आधी होईल आणि मैदानाचे वेळापत्रक तीच ठरवेल. ६ एप्रिलचा चषक रद्द करून त्या दिवशी केवळ सरावाची सुरुवात करावी, असे मी सुचवले असून बहुतेकांना ते पटले आहे. संघ चिठ्ठ्यांनी होतील, शुक्रवारची दुपार आणि परीक्षेचे आठवडे मोकळे ठेवू, आणि ताईंनी वेळ दिल्यास मुलींची कबड्डी सकाळी सुरू करू.

एकच गोष्ट अडली आहे. चौकीत बसावे लागलेल्या त्या दोन मुलांना एकाच संघात घालावे का? दोघांचे पालक अजून तयार नाहीत.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, कोपरखैरणे

घाई करू नका. पालकांच्या मनाविरुद्ध त्यांना एका संघात घातले आणि पहिल्याच दिवशी एखादा झेल सुटला, तर सगळे पुन्हा त्या रात्रीवर जाईल. दोघांना वेगवेगळ्या मिश्र संघांत खेळू द्या.

परंतु ज्या सामन्यात या दोघांचे संघ खेळत नसतील, त्या सामन्याचे गुणलेखन त्यांच्याकडे द्या. क्रिकेटच्या नियमांनुसार गुणलेखक दोन असतात आणि त्यांनी आपापल्या वह्या वेळोवेळी ताडून पाहायच्या असतात. प्रत्येक षटक संपल्यावर धावा, बळी आणि अवांतर यांचा मेळ बसला पाहिजे, आणि नो बॉल झाला असेल तर तो दोघांच्या वहीत सारखाच दिसला पाहिजे. टेबल एकच ठेवा आणि खुर्च्या शेजारी-शेजारी. माझ्याकडे जुन्या दोन कोऱ्या गुणवह्या पडून आहेत, त्या मी या रविवारी अभ्यासिकेत आणून देतो.